ड्राइव्ह बसवल्यापासून एपीएफसी पॅनेलमधले कॅपॅसिटर फुगतायत, पीएफही घसरला – आणखी केव्हीएआर वाढवू का?

तिसरीपाळी

नमस्कार मंडळी. कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आठ महिने एकाच दुखण्याने हैराण आहे, म्हणून धागा काढला. सगळा तपशील आधीच देतो.

ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा, नेमप्लेटवर इंपिडन्स ५ टक्के. एलटी, म्हणजे कमी दाबाची बाजू ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. भरात लोड ३०० किलोवॉटच्या आसपास. पॉवर फॅक्टर (पीएफ) आपोआप सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनेलमध्ये २५ केव्हीएआरचे (केव्हीएआर म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) आठ टप्पे. कॅपॅसिटर ४४० व्होल्टचे, साधे, सोबत रिअ‍ॅक्टर (कॉइल) नाहीत. हे पॅनेल सहा वर्षं बिनतक्रार चाललं. बिलावर पीएफ ०.९६ च्या आसपास असायचा.

गेल्या वर्षी पंप, ब्लोअर आणि दोन कन्व्हेयर ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) घेतले, सगळे मिळून १२० किलोवॉट. त्याच सुमारास दोन नवीन मशीन आली, त्यामुळे एकूण लोड होतं तेवढंच राहिलं. तिथून आठ महिन्यांत चार कॅपॅसिटर गेले. एकाचं झाकण डब्यासारखं फुगून वर आलं होतं, दुसऱ्याच्या टर्मिनलवरचा लग जळून काळा पडला होता. मधल्या काळात बिलावर ०.९२ आला. वरून विचारणा झाली, म्हणून मी टप्पे आत-बाहेर करणाऱ्या रिलेचं टारगेट ०.९८ वरून १.०० केलं आणि या आठवड्यात चारही कॅपॅसिटर नवे टाकले. आता रिलेवर ०.९९ ते १.०० दिसतो, पण आठही टप्पे आत असले की पॅनेलमधून बारीक घुरघुर येते. ती आधी नव्हती.

पॅनेल पुरवणारा म्हणतो, "कॅपॅसिटर कमी पडतायत म्हणून ताण येतोय, अजून १०० केव्हीएआर टाका." मला पटत नाही, पण का पटत नाही हे मांडताही येत नाही.

पॅनेलवाला

मी अशी पॅनेल जोडतो. पहिल्यांदा तीन गोष्टी बघा.

एक, टप्पे जोडणारे काँटॅक्टर कॅपॅसिटर ड्यूटीचेच आहेत ना? त्यांत मुख्य काँटॅक्ट मिटण्याआधी क्षणभर रेझिस्टन्समधून करंट जातो. साधा पॉवर काँटॅक्टर असेल तर आधीपासून चालू असलेले शेजारचे कॅपॅसिटर नव्या टप्प्यात एकदम करंट ओततात, आणि तो तडाखा रोज पन्नास वेळा बसतो.

दोन, पॅनेलचा पंखा आणि जाळी. कॅपॅसिटरचा उष्णतेइतका मोठा शत्रू नाही.

तीन, व्होल्टेज. रात्री लोड उतरल्यावर ४१५ चे ४४० होत असतील तर ४४० चा कॅपॅसिटर काठावर चालतो. ४८० चे टाका. फक्त हिशेब लक्षात असू द्या: केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतो. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर ४१५ वर २२.२ च देतो. ४८० चा घेतलात तर १८.७. नेमप्लेटवरचा आकडा बसबारवर मिळतो असं समजून पुष्कळ जण फसतात.

मापाडी

तिसरीपाळी, एक विनंती: मोजल्याशिवाय एकही कॅपॅसिटर वाढवू नका. तुमच्या पोस्टमध्ये उत्तर जवळजवळ आलेलंच आहे. सहा वर्षं पॅनेल ठीक होतं, ड्राइव्ह आले आणि कॅपॅसिटर जायला लागले. हा हार्मोनिक्सचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटचा, त्रास वाटतो. नुसता हार्मोनिक्सचाही नाही, रेझोनन्सचा.

कॅपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एक झोपाळा तयार होतो. ट्रान्सफॉर्मरची इंडक्टन्स आणि बँकेची कॅपॅसिटन्स, दोघांची मिळून एक नैसर्गिक फ्रिक्वेन्सी असते. ती कितव्या हार्मोनिकला पडते हे काढायला शॉर्ट सर्किट केव्हीएला बँकेच्या केव्हीएआरने भागा आणि वर्गमूळ घ्या. तुमचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए, ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट ५०० भागिले ०.०५, १०,००० केव्हीए. आठही टप्पे आत असताना प्रत्यक्षात १७८ केव्हीएआर. १०,००० भागिले १७८ म्हणजे ५६, वर्गमूळ ७.५. ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या जाळ्याचा इंपिडन्स धरला तर हा आकडा अजून उतरतो, सातच्या अगदी जवळ येतो.

आता ड्राइव्हकडे बघा. सहा पल्सचा साधा ड्राइव्ह पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक करंट सोडतो. सातवा म्हणजे ३५० हर्ट्झ. झोपाळा नेमका त्याच तालावर हलणारा, आणि ड्राइव्ह त्याला त्याच तालात ढकलत राहतो.

म्हणून १०० वाढवणं धोक्याचं. तेव्हा प्रत्यक्षात २६७ केव्हीएआर होतील, रेझोनन्स सहाच्या आसपास येईल, आणि तिथून पुढची वाट पाचव्याकडे जाते. ड्राइव्हच्या हार्मोनिक्समध्ये सगळ्यात मोठा पाचवाच असतो.

कृपया एवढं करा: एकेक टप्पा हाताने आत घ्या आणि दर वेळी एकाच ठरावीक कॅपॅसिटरचा करंट मोजा. क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस हवा, म्हणजे विकृत आकाराचा करंटही खरा मोजणारा. शक्य असेल तर बसबारवरचा व्होल्टेजचा टीएचडी (एकूण हार्मोनिक विकृती) पण घ्या.

नवशिकाऊ

मध्येच विचारतो, माफ करा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे कॉस फाय एवढंच शिकवलंय. कॅपॅसिटर लावल्यावर मोटरला कमी वीज लागते का?

जुनावायरमन

नाही, बाळा. मोटर घेते तेवढीच घेते.

मोटरला दोन गोष्टी लागतात. शाफ्ट फिरवायला किलोवॉट, आणि आतलं चुंबकक्षेत्र उभं करायला केव्हीएआर. दुसरी गोष्ट खर्च होत नाही. दर सायकलला मोटरकडे जाते आणि परत येते. पण ती ये-जा केबलमधून, ट्रान्सफॉर्मरमधून, थेट वीज केंद्रापर्यंत होते, आणि त्या सगळ्या तांब्याला तिचा भार सोसावा लागतो. कॅपॅसिटर मोटरजवळ बसला की ही देवघेव त्या दोघांतच मिटते. फायदा कॅपॅसिटरच्या वरच्या बाजूला, खालच्या बाजूला काही नाही.

आकड्यात सांगतो. ३०० किलोवॉट, ४१५ व्होल्ट, पीएफ ०.७५ असेल तर लाइनला ५५६ अँपिअर. ०.९८ केला तर ४२६. तांब्यातला तोटा करंटच्या वर्गाने जातो, म्हणजे वरच्या केबलमधली उष्णता ४१ टक्क्यांनी उतरली. किती कॅपॅसिटर लागेल? किलोवॉट गुणिले दोन्ही कोनांच्या टॅनमधला फरक. ०.७५ चा टॅन ०.८८२, ०.९८ चा ०.२०३, फरक ०.६७९. गुणिले ३००, म्हणजे २०४ केव्हीएआर.

आणि एक कायमचं लक्षात ठेव. मोटर रिकामी फिरली तरी चुंबकाचा करंट जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून अर्ध्या भाराच्या मोठ्या मोटरचा पीएफ वाईट. कामाच्या मानाने अवाढव्य मोटर बसलेली असेल तर कॅपॅसिटर शोधण्याआधी ती मोटर बदलता येते का ते बघावं.

तिसरीपाळी

मोजलं. रविवारी सकाळी माणसं कमी होती, पण मुद्दाम सगळे ड्राइव्ह आणि मोठी मशीन भारावर घेतली.

आधी क्लॅम्पची गोष्ट. आमचा जुना क्लॅम्प आठ टप्प्यांवर ३४ अँपिअर दाखवत होता, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. शेजारच्या युनिटमधून ट्रू आरएमएसवाला आणला, त्याच वायरला लावला. ४२ आले. पुन्हा लावला, पुन्हा ४२. हिशेबाने ४१५ व्होल्टला ३१ यायला हवेत.

दोन टप्पे आत असताना त्याच कॅपॅसिटरला ३२. सहाला ३६. सातवा आत आला तसा करंट चढला, आठव्याला ४२. घुरघुर नेमकी सातव्यापासून सुरू होते. आठही आत असताना व्होल्टेजचा टीएचडी १४ टक्के, सगळी बँक बाहेर काढली की ४ च्या खाली. पॅनेलच्या वरच्या कप्प्यात ५८ अंश.

१४ चे ४ झाले तेव्हा मी काही क्षण मीटरकडेच बघत राहिलो. इतके दिवस ड्राइव्हला दोष देत होतो. ड्राइव्ह होते तिथेच होते, तीनपटीहून जास्त वाढ बँकेने केली होती.

मापाडी

एवढं नीट मोजून आणलंत, मनापासून आभार. यात आता शंकेला जागा नाही.

तुमच्या कॅपॅसिटरचा रेटेड करंट ४४० व्होल्टला ३२.८ अँपिअर. आयईसी ६०८३१ प्रमाणे कॅपॅसिटरने रेटेडच्या १.३ पट करंट सोसायला हवा, म्हणजे ४२.६. तुम्ही ४२ वर आहात. नवा कॅपॅसिटर मर्यादेला टेकलेला, वर ५८ अंशांची हवा. आधीचे चार का गेले आणि हे नवे किती टिकतील, दोन्ही या एका आकड्यात आहे. आणि तुमच्याच टेबलात झोपाळा दिसतो: दोन टप्प्यांवर रेझोनन्स पंधराव्याच्या आसपास असतो, चारवर साडेदहा, आठवर साडेसात. टप्पे वाढतील तसा तो उतरत येतो.

टारगेट आत्ता लगेच ०.९७ करा. पाच-सहाच टप्पे येतील, तेवढा तरी दिलासा.

मग मूळ प्रश्न: किती केव्हीएआर हवेत? ड्राइव्हच्या मागच्या मोटरचा केव्हीएआर लाइनवर येतच नाही, तो ड्राइव्हच्या डीसी बसमधून भागतो. म्हणजे ते १२० किलोवॉट जवळपास ०.९८ च्या कोनाने येतात, २४ केव्हीएआर. उरलेले १८० किलोवॉट जुन्या ०.७५ चे, १५९ केव्हीएआर. बेरीज १८३. ०.९९ साठी ४३ शिल्लक ठेवले तरी चालतात, म्हणजे १४० पुरेत. ड्राइव्ह येण्याआधी तुमची गरज २०४ ची होती. ड्राइव्ह आल्याने तुमची कॅपॅसिटरची गरज कमी झाली आहे, आणि तुम्हाला सांगितलं जातंय वाढवा.

अजून एक, कारण हा गोंधळ सगळीकडे दिसतो. ड्राइव्हच्या स्क्रीनवर किंवा कॅटलॉगमध्ये ०.९८ लिहिलेलं असतं ते फक्त कोनाचं. करंटचा टीएचडी ६० टक्के असेल तर खरा पीएफ ०.८४ वर येतो. हा जो विकृतीचा भाग आहे तो कॅपॅसिटरने कधीच भरून निघत नाही. त्याला ड्राइव्हच्या पुढे चोक (कॉइल) लागतो, नाहीतर फिल्टर.

पॅनेलवाला

मापाडी, मान्य. मी ४८० चे कॅपॅसिटर सुचवले होते, त्याने ते थोडे जास्त टिकले असते, पण रेझोनन्स फार तर जागा बदलून बसला असता. माझा सल्ला मागे घेतो.

आता उपायाचं मी सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. प्रत्येक टप्प्याला सिरीजमध्ये ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर. ७ टक्के म्हणजे कॅपॅसिटर-रिअ‍ॅक्टर जोडीची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी १८९ हर्ट्झ. त्याच्या वर ही जोडी कॅपॅसिटरसारखी वागतच नाही, चोकसारखी वागते. पाचवा २५० ला, सातवा ३५० ला, दोन्ही वर राहिले, म्हणून त्यांच्याशी झोपाळा जमूच शकत नाही. ज्यांच्याकडे सिंगल फेज लोड खूप आणि तिसरा, म्हणजे १५० हर्ट्झचा हार्मोनिक जोरात आहे, त्यांनी १४ टक्के घ्यावा. तो १३४ हर्ट्झला येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, जुनेच ४४० चे कॅपॅसिटर ठेवून नुसते रिअ‍ॅक्टर लावणं. रिअ‍ॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं: ४१५ भागिले ०.९३, म्हणजे ४४६. हार्मोनिक्स धरायच्या आधीच रेटिंग ओलांडलं. ५२५ व्होल्टचे घ्या. दुसरी चूक, १४० हवेत म्हणून ५२५ चे १४० मागवणं. ५२५ चा कॅपॅसिटर रिअ‍ॅक्टरसह ४१५ वर नेमप्लेटच्या ६७ टक्केच देतो. १४० चे हातात येतात ९४. ऑर्डर देताना स्पष्ट लिहा: "४१५ व्होल्टवर रिअ‍ॅक्टरसह प्रत्यक्ष मिळणारा केव्हीएआर". आणि टप्पे सगळे २५ चे ठेवू नका, दोन छोटे असू द्या. नाहीतर हलक्या लोडला रिले एकच टप्पा आत-बाहेर करत बसतो.

रिअ‍ॅक्टर तापतात, भरपूर तापतात. ते कॅपॅसिटरच्या वर किंवा वेगळ्या कप्प्यात हवेत, खाली कधीच नको.

तिसरीपाळी

चार कॅपॅसिटर कोरे आहेत, या आठवड्यातच टाकलेले. दोन टप्पे साधे ठेवून बाकीच्यांना रिअ‍ॅक्टर लावले तर चालेल का?

पॅनेलवाला

नाही. एका बसबारवर साधे आणि डीट्यून्ड एकत्र ठेवले की साधे कॅपॅसिटर हार्मोनिक्स ओढून घेतात आणि रेझोनन्स पुन्हा उभा राहतो. जीव तुटतो हे समजतं, पण ते चार काढाच.

छतावरचा

माझं दुखणं वेगळं, पण जवळचं. छतावर सोलर बसवलं आणि पहिल्याच महिन्यात पीएफ कोसळला. दुपारी तर ०.६५ दिसतो. कॅपॅसिटर सगळे शाबूत, रिले चालू.

मापाडी

तुमचे कॅपॅसिटर बिघडलेले नाहीत, भागाकार बदलला आहे. समजा लोड २०० किलोवॉट आणि भरपाईनंतर ६० केव्हीएआर शिल्लक, पीएफ ०.९६. सोलरने १५० किलोवॉट दिले, केव्हीएआर शून्य. ग्रिडकडून आता ५० किलोवॉट आणि तेच ६० केव्हीएआर. पीएफ ०.६४. ग्रिडवरचा केव्हीएआर एकानेही वाढलेला नाही.

रिलेचा सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) कुठे आहे ते बघा. तो ग्रिडच्या बाजूला, सोलर आणि कॅपॅसिटर या दोघांच्या वर हवा, आणि रिले चार क्वाड्रंटवर चालणारा हवा, कारण रविवारी वीज उलटी जाईल तेव्हा साधा रिले गोंधळतो. शिवाय इन्व्हर्टरकडूनच केव्हीएआर घ्या. १०० केव्हीएचा इन्व्हर्टर ८० किलोवॉट देत असतानाही ६० केव्हीएआर देऊ शकतो, सेटिंगमध्ये सोय असेल तर.

जुनावायरमन

सीटीवरून आठवलं. नव्या पॅनेलवर मी पाहिलेला सर्वांत सामान्य घोटाळा सीटीचाच. सीटी कॅपॅसिटरच्या टॅपिंगच्या खाली, नुसत्या लोडवर बसलेला असतो. रिलेला आपण काय केलं ते दिसतच नाही, तो एकामागून एक टप्पे ढकलत जातो आणि रात्रभर पीएफ लीडिंग (गरजेपेक्षा कॅपॅसिटर जास्त) राहतो. जिथे लीडिंग केव्हीएआरही मोजले जातात तिथे बिलाला तेही लागतं. सीटीची फेज आणि त्याच्या एस१-एस२ टोकांची दिशा पण तपासा. बहुतेक रिले सीटी आर फेजला आणि व्होल्टेज वाय-बी मधून मागतात.

जनरेटरवर गेलात की एपीएफसी ऑटोमॅटिक बंद व्हायला हवं, किंवा टारगेट ०.९ च्या आसपास. लीडिंग झालं की अल्टरनेटरचं व्होल्टेज एव्हीआरच्या (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं उपकरण) हातात राहत नाही, वर चढतं.

तिसरीपाळी, कॅपॅसिटर काढताना घाई करू नका. डिस्चार्ज रेझिस्टन्सने तीन मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली यायला हवं, पण फुगलेल्या कॅपॅसिटरचा रेझिस्टन्स तुटलेला असू शकतो. पाच मिनिटं थांबा, मीटर लावून बघा, मग तिन्ही टर्मिनल शॉर्ट करून अर्थ करा, आणि मगच हात लावा. माझ्या उमेदवारीच्या काळात एका सहकाऱ्याने नुसता एमसीसीबी (ब्रेकर) खाली पाडून पाना लावला होता. पाना टर्मिनलला चिकटला आणि तो मागच्या भिंतीवर आदळला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत.

तिसरीपाळी

चार महिन्यांनी परत येतोय, शब्द दिला होता म्हणून.

५२५ व्होल्ट, ७ टक्के, प्रत्यक्ष १५० केव्हीएआर: एक ५०, तीन २५, दोन १२.५. मोठ्या दोन ड्राइव्हच्या पुढे चोकही टाकले. २५ च्या टप्प्याला हिशेबाने ३४.८ अँपिअर हवेत, ३५ येतात. दोन टप्पे असोत नाहीतर सगळे, ३५ च. व्होल्टेजचा टीएचडी ३ च्या आत. कॅपॅसिटरच्या कप्प्यात ४४ अंश. घुरघुर गेली, आता फक्त रिअ‍ॅक्टरचा एकसुरी आवाज येतो. कॅपॅसिटर एकही गेला नाही.

एक शंका उरलीय. रिलेवर ०.९९, बिलावर ०.९८. मीटर एचटीला, म्हणजे उच्च दाबाच्या बाजूला आहे. सीटी तर तपासला, ठीक आहे.

मापाडी

वाचून फार समाधान वाटलं. तो फरक तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा. रिले एलटीला बघतो, मीटर त्याच्या वर आहे, आणि ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे केव्हीएआर लागतात. चुंबकासाठी अंदाजे ८-९, हे रात्रंदिवस. शिवाय लीकेज रिअ‍ॅक्टन्समध्ये: पूर्ण भाराला ५०० चे ५ टक्के म्हणजे २५, तुमच्या साठ टक्के भाराला त्याचे ०.३६ पट, साधारण ९. दोन्ही मिळून १८. तुमचे शिल्लक ४३ अधिक १८, झाले ६१. ३०० किलोवॉटला ६१ केव्हीएआर म्हणजे बरोबर ०.९८.

सुट्टीच्या दिवशी लोड नसताना एचटीचा पीएफ खूप खाली दिसत असेल तर तो चुंबकाचा भाग. १२.५ चा एक टप्पा कायम आत ठेवून बघा. प्रत्यक्ष १२.५ आणि गरज ८-९, म्हणजे किंचित लीडिंग जाईल. दोन रविवार मीटरचं रीडिंग घ्या आणि इथे टाका, मग ठेवायचा की नाही ते ठरवू.

तिसरीपाळी

येत्या रविवारी घेतो. रीडिंग इथेच टाकेन.